ॲक्रिंग्टन स्टॅन्ली : गिरण्यांच्या गावचा क्लब

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला तिकडे मागणी आली, हा इतिहास आमच्या दारव्हा भागात जुनी माणसे आजही सांगतात. त्याच लँकेशायरमधले ॲक्रिंग्टन हे जेमतेम पस्तीस हजार वस्तीचे, एकेकाळी गिरण्या आणि कताईची यंत्रे यांवर जगलेले गाव आहे. कापसाच्या हंगामात शनिवारी वेचलेल्या कापसाचा काटा आटोपला की रात्री मी या गावच्या ॲक्रिंग्टन स्टॅन्ली या फुटबॉल क्लबचा निकाल आवर्जून पाहतो.

१८८८ मध्ये फुटबॉल लीग, म्हणजे इंग्लंडमधील व्यावसायिक क्लबांची स्पर्धा, स्थापन करणाऱ्या बारा क्लबांत ॲक्रिंग्टनचे नाव आहे, पण तो क्लब वेगळा होता; १८९३ मध्ये त्याने लीग सोडली आणि पुढे तो बंदच पडला. स्टॅन्लीला लीगमध्ये जागा मिळाली ती १९२१ मध्ये. वॉल्टर गॅलब्रेथ व्यवस्थापक असताना १९५५ मध्ये या संघाचे अकराही खेळाडू स्कॉटलंडमध्ये जन्मलेले होते. इंग्लिश लीगमध्ये असे त्यापूर्वी घडले नव्हते.

घसरण त्यानंतर सुरू झाली. १९५८ मध्ये क्लबने ऑल्डरशॉट येथील लष्करी संचलनासाठी वापरलेली प्रेक्षागॅलरी विकत घेतली. तिच्या किमतीपेक्षा ती सोडवून आणण्याचा आणि पील पार्क मैदानावर उभारण्याचा खर्च कितीतरी अधिक झाला आणि एवढे करूनही तिथून खेळ नीट दिसत नसे. ऋण काढून सण केल्याचे फळ लवकरच मिळाले. २ मार्च १९६२ रोजी क्रू संघाकडून ४-० अशी हार झाली आणि त्याच आठवड्यात कर्जाने पिचलेल्या संचालकांनी लीगला राजीनामा पाठवला. लगेच विचार बदलून त्यांनी तो मागे घेण्याची विनंती केली, तेव्हा लीगचे सचिव ॲलन हार्डेकर यांनी ती फेटाळली आणि त्या हंगामातील क्लबचे सगळे निकाल नोंदींतून काढून टाकण्यात आले. नियमाच्या दृष्टीने हार्डेकर यांना दोष देता येणार नाही, तरीही गावाची एवढी जुनी संस्था बुडत असताना थोडी मुदत द्यायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

१९६६ मध्ये क्लब विसर्जित झाला. दोनच वर्षांनी गावकऱ्यांनी तो नव्याने स्थापन केला आणि स्थानिक स्पर्धांपासून एकेक पायरी चढत, जॉन कोलमन यांच्या मार्गदर्शनाखाली, २००६ मध्ये तो लीगमध्ये परतला. १९६२ मध्ये रिकामी झालेली जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली होती, आणि २००६ मध्ये लीगमधून खाली गेलेल्या संघांत ऑक्सफर्डच होता.

२०१८ मध्ये चौथ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून स्टॅन्ली तिसऱ्या श्रेणीत गेला आणि पाच हंगाम तिथे टिकला. त्या काळात त्याची गाठ संडरलंडशीही पडली, ज्यांच्या मैदानात सगळे ॲक्रिंग्टन गाव बसवूनही जागा उरली असती.