आधी पाणी बघा, मग पक्षी: उन्हाळ्यातलं नांदूर मध्यमेश्वर

नाशिककर पक्षीनिरीक्षकांचं नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडची थंडी सोसत चापडगावच्या मनोऱ्यावर गर्दी करायची आणि होळी झाली की दुर्बीण कपाटात ठेवून द्यायची. चक्रवाक गेले, तलवार बदकं गेली, आता तिथे काय बघायचं? बघण्यासारखं भरपूर आहे. हिवाळ्यात इथे पाहुणे पोट भरायला येतात. मार्च ते मे या काळात इथलेच पक्षी संसार मांडतात, आणि तो मांडतात बंधाऱ्यामागच्या फुगवट्यात उघड्या पडलेल्या बेटांवर.

या बेटांचं गणित आधी समजून घ्यायला हवं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा बंधारा इंग्रजांच्या काळातला. तेव्हापासून त्यात इतका गाळ साचलाय की पाणी थोडं उतरलं तरी जागोजाग उंचवटे डोकं वर काढतात. २०२० च्या जानेवारीत राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून याचं नाव जाहीर झालं, तेही बऱ्याच अंशी या गाळाच्याच पुण्याईने. बंधाऱ्याचं मुख्य काम मात्र पाणी साठवण्याचं नाही, वरच्या धरणांतून आलेलं पाणी अडवून कालव्यांत वळवण्याचं आहे. त्यामुळे उन्हाळ्यात इथली पातळी ठरते ती गंगापूर-दारणेकडून सुटणाऱ्या आवर्तनावर, म्हणजे शेतीसाठी ठरावीक काळाने सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर.

पातळी फार उतरली की बेट आणि काठ यांच्यातली पाण्याची पट्टी आटते. मग गावातली कुत्री, कोल्हे, मुंगूस चालत बेटावर पोचतात, मागोमाग गुरं येतात. उलट ऐन विणीत आवर्तन आलं तर पाणी चढतं आणि जमिनीलगतची अंडी बुडतात. बेट सुरक्षित राहतं ते या दोन्हींच्या मधल्या दिवसांत. म्हणून निघण्याआधी निफाडकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याला एक फोन करून ‘आवर्तन सुटलं का?’ एवढं विचारलं तरी पुरतं. कालव्यावर शेती असलेल्या माणसाला ते तोंडपाठ असतं.

आता बेटावर काय दिसतं ते. सर्वांत आधी छोटी आर्ली, म्हणजे स्मॉल प्रॅटिनकोल. फेब्रुवारी ते एप्रिल हा तिचा विणीचा मुख्य काळ. आकाराने साळुंकीहून लहान, रंग वाळलेल्या गाळासारखा, आणि बसली की दिसतच नाही. रिकामं वाटणारं बेट दुर्बिणीतून पाच मिनिटं न हलता बघत राहिलं की एखादं ढेकूळ दोन पावलं चालतं, मग शेजारचं चालतं, आणि लक्षात येतं की तिथे अख्खी वसाहत आहे. उडाली की पंखावरचा काळा-पांढरा पट्टा झळकतो. संध्याकाळी पाण्यावर पाकोळ्यांसारखी कीटक टिपत फिरते, तेव्हा ओळखायला सोपी.

तिच्याच शेजारी नदी सुरय, म्हणजे रिव्हर टर्न. वाळूत नुसता खळगा, त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी, काडी-कचऱ्याचा पत्ता नाही. सुरयांमध्ये नवख्यांचा गोंधळ होतो, कारण त्याच वेळी परतीच्या वाटेवरचे व्हिस्कर्ड टर्नही काळी टोपी घालून फिरत असतात. नदी सुरयाची चोच पिवळीजर्द, शेपटी लांब आणि खोल दुभंगलेली. पाण्यावर थबकून सरळ सूर मारतो. व्हिस्कर्डची चोच गडद लाल, शेपटी आखूड, पोट काळपट राखाडी आणि गाल पांढरे. तो सहसा पाण्याला नुसती चोच लावून वर उठतो. जाड काळी चोच आणि चिखलावर घिरट्या असतील तर तो गल-बिल्ड टर्न.

शेकाट्या आणि टिटवी एप्रिलपासून उथळ काठावर बसतात. टिटवीची अंडी बहुधा चार, टोकं आत केलेली. दुपारी ती अंडी उबवत नसते, त्यांच्यावर सावली धरून उभी असते. मधूनच पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते. हे लक्षात घेतलं की आपण कुठे चुकतो ते कळतं. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, किंवा आर्ली पंख मोडल्यासारखी फरपटत चालू लागली, की घरटं जवळ आहे. लोक नेमके तिथेच थांबून फोटो काढतात. तेवढ्या वेळात अंडी उघड्या उन्हात भाजत असतात, आणि वरून घार-कावळे ते पाहत असतात. आलो त्याच पावलांवर पाऊल ठेवून मागे फिरायचं, कारण दुसरं घरटं कुठे असेल सांगता येत नाही. बेटावर तर उतरायचंच नाही.

पाहुण्यांपैकी जे रेंगाळतात ते आता खरे देखणे असतात. हिवाळ्यात करडे दिसणारे ब्लॅक-टेल्ड गॉडविट विटकरी होऊ लागतात. पिवळ्या धोब्यांच्या नरांची डोकी काळी, राखी, पिवळी अशी वेगवेगळी रंगतात, त्यामुळे उपजाती ओळखायची असेल तर हीच वेळ. डोकं पूर्ण पिवळं दिसलं तर पाठ बघा: राखाडी असेल तर सिट्रीन धोबी, हिरवट असेल तर पिवळा धोबी. बदकांत सर्वांत शेवटी रेंगाळते ती बहुधा भुवई बदकांची एखादी टोळी.

वेळेचं म्हणाल तर एप्रिलच्या मध्यावर सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो, म्हणून नाशिकहून पावणेपाचला निघालेलं बरं. साडेनऊनंतर चिखलावरून तापलेली हवा उठते आणि दुर्बिणीत सगळं थरथरू लागतं. स्कोपचा (तिकाटण्यावरच्या दुर्बिणीचा) झूम ६० पटीवर नेला की आणखी बिघडतं, २०-२५ वरच ठेवा. दुपारचे फोटो मऊ आले म्हणून लेन्स दुरुस्तीला टाकणारे लोक आहेत. दोष हवेचा असतो, काचेचा नाही. सकाळी सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडायचा, बेटाच्या पश्चिमेला उभं राहिलात तर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतील.

निफाड तालुक्यात उसामुळे बिबट्यांचा वावर नेहमीचा. तोड संपली की लपायच्या जागा कमी होतात आणि ते उरलेल्या फडांत एकवटतात, त्यामुळे अंधारात उसाच्या कडेने एकट्याने चालू नका. बेशरमीच्या झुडपांत आणि सुक्या पाणकणसात घोणस असू शकते. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे हवेत.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना विणीचा कोड (पक्षी वीण करताना दिसल्याची खूण) जरूर भरा, पण घरट्याची नेमकी जागा आणि अंड्यांचा फोटो टाकू नका. शेऱ्यात पाण्याची पातळी लिहा: बेट काठाला जोडलेलं होतं का, आवर्तन चालू होतं का. संख्या अचानक घटली तर कारण बहुतेक वेळा त्या एका ओळीत सापडतं.