डोंबिवली ते ठाणे

२०१८ च्या जुलैमधली गोष्ट. सव्वाआठची फास्ट लोकल डोंबिवलीहून सुटली, दिवा मागे पडलं आणि पारसिकच्या बोगद्यात शिरल्यावर थांबली. पावसाळ्यात गाड्या रखडतातच. डब्यातली पत्त्यांची मंडळी पत्ते पिसत राहिली. माझी मात्र छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. ‘गेलो आपण. इथून बाहेर काढणार कोण?’ एवढंच डोक्यात. चार-पाच मिनिटांत गाडी हलली असेल. ठाण्याला उतरलो, फलाटावर बसकण मारली आणि मग रिक्षाने सरळ हॉस्पिटल गाठलं.

ईसीजी नॉर्मल. पुढच्या आठवड्यात टूडी एको, थायरॉइड, शुगर, सगळं नॉर्मल. रिपोर्टांची फाइल जाड झाली आणि मी घाबरट ठरलो. एकाने गॅसेसवर औषध दिलं, तेही घेतलं.

तेव्हापासून फास्ट सोडली. अर्धा तास लवकर निघून स्लो पकडायची, दारालगत उभं राहायचं, बॅगेत पाण्याची बाटली, हातात मोबाइल आणि त्यावर बायकोचा नंबर तयार. काही दिवस बरं गेलं. मग स्लोमध्येही धडधड सुरू झाली. मग लिफ्ट नको वाटायला लागली, मग थिएटरमध्ये कडेची खुर्ची. दिवाळीपर्यंत माझ्या रजा संपल्या होत्या.

आई म्हणायची, “नको जाऊस मग त्या मेल्या गाडीने.” तिची माया खरी, पण माझी भीती नेमकं तेच सांगत होती.

पहिल्यांदा ज्या समुपदेशकाकडे गेलो त्यांनी सकारात्मक विचार करायला सांगितलं. रोज सकाळी आरशात बघून हसायचं. मी आठवडाभर हसलो. दुसऱ्या भेटीनंतर परत गेलो नाही, आणि ‘हे सगळं थोतांड आहे’ असं चार जणांना सांगत सुटलो. त्यात माझे तीन महिने गेले.

शेवटी फॅमिली डॉक्टरांनीच एका मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी दिली. त्यांनी दहा मिनिटं ऐकून घेतलं आणि नाव सांगितलं: पॅनिक अटॅक. नुसतं नाव मिळाल्यानेसुद्धा अर्धा जीव भांड्यात पडला. गोळी घेता येईल, तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतील, किंवा आधी थेरपी करून बघा, असं म्हणाले. मी थेरपी म्हटलं, खरं तर गोळीच्या भीतीने. औषध लिहून देणारे हे डॉक्टर वेगळे आणि थेरपी करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वेगळे, त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, हेही मला तिथेच कळलं. आरशावाल्यांना ते मी विचारलंच नव्हतं.

थेरपी करणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असाव्यात. आता आडवं झोपवून लहानपणाबद्दल विचारणार, या तयारीने मी गेलो होतो. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. “धडधडलं, तेव्हा मनात पहिलं काय आलं?” “हार्ट अटॅक.” त्यांनी ते लिहिलं. “मग?” “घाबरलो.” “घाबरल्यावर धडधड वाढली की कमी झाली?” कागदावर गोल पूर्ण झाला. पाच महिने मी त्या गोलात फिरत होतो. विचार तपासून बघायची ही पद्धत अमेरिकेत अल्बर्ट एलिस आणि आरन बेक या दोन तज्ज्ञांनी १९५० आणि ६० च्या दशकांत बसवली. एलिसच्या पद्धतीला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात.

तिसऱ्या भेटीत त्यांनी माझी ती जाड फाइल नीट पाहिली आणि म्हणाल्या, “आता एक मिनिट जोरजोरात श्वास घ्या. मीही घेते.” चाळीस सेकंदांत बोटांना मुंग्या, डोकं हलकं, घसा कोरडा. सगळं तेच, बोगद्यातलं! फरक इतकाच, की समोर एक बाई तशाच धापा टाकत बसली होती आणि खिडकीबाहेर भाजीवाला ओरडत होता. मी चक्क हसलो. यावेळी आरसा लागला नाही.

मग जिना आखला, स्टेशनांचा. स्लोने कोपरपर्यंत, मग दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे, आणि सगळ्यात शेवटी फास्ट. अटी जाचक: बाटली नाही, दार नाही, बायकोला फोन नाही. मी ज्यांना आधार समजत होतो, ते भीतीचे खुराक होते म्हणे. वहीत प्रवासाआधी आणि नंतर, शून्य ते शंभरमध्ये भीती किती ते लिहायचं. कोपरच्या पानावर ७० आणि ३५ आहे. दिव्याच्या पानावर घामाचा डाग.

मुंब्र्याला माझं बिनसलं. ठाण्याला जायचं असताना मध्येच उतरलो, बाकावर बसून रडलो. चाळिशीला टेकलेला माणूस, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड. पुढच्या भेटीत मान खाली घालून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “उतरल्यावर किती वेळात बरं वाटलं?” “लगेच.” “मग त्या दिवशी भीतीने काय शिकायचं ते शिकून घेतलं. उद्या परत मुंब्र्याहूनच चढा.” चढलो. कळव्यापर्यंत ८० होती, ठाण्याच्या आधीच ५० वर आली. मी काहीही केलं नव्हतं, नुसता उभा होतो.

चौदा भेटी, एका भेटीचे हजार रुपये. माझ्या मेडिक्लेमने एक पैसाही दिला नाही. टेली-मानस तेव्हा नव्हतं. १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. मला तेव्हा असती, तर त्या फलाटावरून तिथेच फोन लावला असता.

एप्रिलमध्ये फास्ट पकडली, डब्याच्या पार मध्ये. बोगद्यात दिवे लुकलुकले, धडधड आली, मी तिला येऊ दिली. वहीत ६५ आणि २०. धडधड अजूनही येते, मार्चअखेरीला तर हमखास, पण रिक्षाने हॉस्पिटल गाठावं लागत नाही.

२०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्याच बंद झाल्या. बातमी वाचून बायको म्हणाली, “चार वर्षं आधी केलं असतं, तर चौदा हजार वाचले असते की रे.”