बदामाचं पान, हळद आणि फिनरॉट: आजवरची नोंद

माझ्या फायटर (बेटा) माशाच्या शेपटीतली लाल रेघ गेली. कडा अजून फाटक्या आहेत, पण काळपट भाग पुढे सरकायचा थांबलाय आणि त्याच्या बाहेर नवी पारदर्शक पट्टी आलीय. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की ती नीट दिसते. फिनरॉट, म्हणजे पर कुजवणारा जिवाणूंचा रोग, थांबल्याची ही सगळ्यात भरवशाची खूण. रंग नंतर भरतो.

केलं ते असं: वेगळी छोटी टाकी, मंद चालणारा स्पंज फिल्टर, हीटर 27 अंशांवर, रोज थोडं पाणी बदलायचं आणि देशी बदामाचं एक वाळलेलं पान. पानं अलिबागहून चुलतभावानं आणली, लाल होऊन आपणहून गळलेली. पुण्यात रस्त्याकडेला झाडं भरपूर आहेत, पण धूळ आणि फवारणीचा भरवसा नाही, म्हणून ती घेत नाही.

आता गंमत. पाणी दोन दिवसांत कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं, पण पीएच (पाण्याचा आम्ल-अल्क मोजणारा आकडा) जागचा हलला नाही. आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, बोअरचं, जड. त्यातले कार्बोनेट पानातलं आम्ल गिळून टाकतात. ‘पान टाकलं की पीएच उतरतो’ हे मऊ पाण्यापुरतं खरं. म्हणजे इथे पानानं काही काम केलं असेलच, तर ते पीएचमधून नाही. आणि पीएच चढा असला की अमोनिया जास्त विषारी ठरतो, त्यामुळे पान असो-नसो, पाणी बदलायचा कंटाळा चालत नाही.

थायलंडचे फायटर पाळणारे ही पानं पूर्वीपासून वापरतात. पानात टॅनिन, त्यातलंच प्युनिकॅलॅजिन आणि क्वेर्सेटिनसारखे फ्लेव्होनॉइड अशी वनस्पतिजन्य संयुगं असतात. यांची दोन कामं आपण नेहमी एकात मिसळतो: जिवाणूंना आवर घालणं वेगळं आणि दाह कमी करणं वेगळं. शेपटीतली लाली जिवाणू रंगवत नाही, ती माशाच्या शरीराची स्वतःची प्रतिक्रिया असते. रक्तवाहिन्या रुंदावतात, न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या जिवाणू खाणाऱ्या संरक्षक पेशी तिथे धावतात, टीएनएफ-अल्फा, आयएल-1 बीटा अशा प्रथिनांचे निरोप सुटतात. या सगळ्यामागचा एक मोठा खटका म्हणजे पेशीतलं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन. हळदीतलं कर्क्युमिन आणि क्वेर्सेटिन हा खटका अडवून धरतात, असं पेशींवरच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

हे माशांतच पाहायचं तर आपल्या दुकानात स्वस्तात मिळणारा झेब्रा डॅनिओ हा पट्टेरी मासा आहे. हॅमिल्टननं 1822 मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांत त्याचं वर्णन केलं. आज त्याची पारदर्शक पिलं प्रयोगशाळेत घेतात, शेपटीचं टोक कापतात आणि हिरव्या चमकणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी जखमेकडे किती जमतात ते मोजतात. वनस्पतीचा अर्क दिल्यावर गर्दी कमी झाली, तर तो दाह कमी करतो असं धरतात.

पण गर्दी कमी झाली म्हणजे रोग गेला, असं नाही. त्या पेशी जिवाणू खायलाच आलेल्या असतात. म्हणून नुसती लाली उतरली की मी खूश होत नाही. भूक, श्वासाचा वेग आणि ती पारदर्शक पट्टी, या तिन्ही गोष्टी बघतो. फिनरॉट करणाऱ्यांपैकी एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू तर टाकीत आणि माशाच्या आतड्यातही एरवी असतोच. अमोनिया चढला, तापमान हेलकावलं की तो डोकं काढतो. संख्या पुरेशी झाल्याची खबर हे जिवाणू एकमेकांना रेणूंमधून देतात आणि मग एरोलायसिनसारखं, पेशींना भोकं पाडणारं विष सोडतात. काही वनस्पतिजन्य संयुगं जिवाणूला न मारता ही खबरच अडवतात. मला यातलं सर्वांत आशादायक हेच वाटतं.

गोल्डफिशच्या टबमध्ये मात्र पानाचा काही उपयोग झाला नाही. एकीच्या तोंडाजवळ कापसासारखं पांढरं, पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा. दुकानदारानं बुरशीचं औषध काढून दिलं. लक्षणं कॉलम्नारिस या रोगाची होती आणि तो बुरशीनं नाही, फ्लॅव्होबॅक्टेरियम या जिवाणूनं होतो. गरम पाण्यात तो आणखी जोरात पसरतो, त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात वाढवतात तसा इथे हीटर वाढवायचा नसतो. लिटरला दोन ग्रॅम खडे मीठ घातलं, हवेचे बुडबुडे सोडणारा दगड (एअर स्टोन) वाढवला आणि माशांचं कळणाऱ्या पशुवैद्यांना फोटो दाखवून त्यांनी दिलेलं अँटिबायोटिक खाद्यातून दिलं. आता ती खातेय. माणसांच्या कॅप्सूल फोडून टाकीत ओतायची आपल्याकडची सवय मात्र बंद व्हायला हवी. फिल्टरमधले चांगले जिवाणू मरतात आणि उरलेले औषधाला दाद देईनासे होतात.

हळदीबद्दल विचारणाऱ्यांसाठी: पाण्यात टाकू नका. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उजेडात आणि अल्कधर्मी पाण्यात त्याचं विघटन होतं. पूड तळाशी बसते, सिलिकॉन पिवळं होतं, कल्ल्यांना त्रास होतो तो वेगळाच. रोहूवर झालेले प्रयोगही खाद्यातून हळद देऊन, मग एरोमोनास टोचून केलेले आहेत. मी जिलेटिनच्या खाद्यात चिमूटभर हळद घालतो, तीही निरोगी माशांना, आधीपासून. आजारी मासा खातच नाही, तर त्याला हळद देणार कुठून? कडुलिंबाच्या वाटेला मी जात नाही. त्याचा अर्क जरा जास्त झाला तर माशालाच बाधतो.

हाताला खरचटलेलं असेल तर आजारी टाकीत हातमोजे घालूनच हात घाला. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू माशातून माणसाच्या कातडीत शिरतो आणि त्या गाठी महिनोन्‌महिने जात नाहीत.

फायटर कशानं सुधारला, पानानं की रोजच्या ताज्या पाण्यानं, हे एका टाकीवरून सांगता येत नाही. पुढच्या खेपेला एकाच वेळी आणलेले फायटर दोन टाक्यांत ठेवणार: पाणी तेच, खाद्य तेच, पान एकीतच. मुंबई-कोकणातल्या मऊ पाणीवाल्यांनी पान टाकण्याआधीचा आणि नंतरचा पीएच मोजून कळवला तर माझ्या जड पाण्याशेजारी मांडता येईल. केएच, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, तेही मोजा, नुसत्या पीएचवरून काही कळणार नाही.