गळ्यात काही अडकलेलं नव्हतं

पशुवैद्यकीय विकृतिशास्त्रात पदव्युत्तर शिकतेय म्हटलं की लोकांना वाटतं, ही दिवसभर जनावरांवर उपचार करत असणार. आमच्या टेबलावर जनावर येतं तेव्हा उपचारांची वेळ टळून गेलेली असते. बाकी दिवस स्लाइड रंगवण्यात आणि चुकीच्या पद्धतीने पाठवलेल्या नमुन्यांवर चरफडण्यात जातो.

ती गाय मात्र जिवंत आली. केसपेपरवर आधीच्या डॉक्टरांचं अक्षर : 'चोक'. लाळेच्या तारा लोंबत होत्या, चारा बंद. पाण्यात तोंड घालायची, पण घोट उतरत नव्हता. मालक म्हणाले, "मॅडम, गळ्यात काहीतरी अडकलंय, तेवढं काढा." एका इंटर्नने लगेच हातमोजा चढवला. त्याचं काय चुकलं? चोकच्या धड्यात तेच तर शिकवतात.

तेवढ्यात गाय हंबरली. आवाज घोगरा, फाटका, मध्येच तुटणारा. मेडिसिनच्या मॅडम लांबूनच ओरडल्या, "हात घालू नकोस! तोंडाजवळ कुणी जायचं नाही." मग त्यांनी आम्हाला मागची बाजू बघायला लावली. पाय लटपटत होते, शेपटी लुळी, आणि गाय सारखी कुंथत होती. ही सगळी रेबीजची लक्षणं आम्हाला तोंडपाठ होती. पण आम्ही रोगाच्या नावावरून लक्षणांकडे जायला शिकतो. दवाखान्यात उलटं जावं लागतं, आणि त्याचा सराव अभ्यासक्रमात जवळजवळ नाहीच.

तिला वेगळं ठेवलं. दोन दिवसांत ती गेली. जनावर जिवंत असताना रेबीजचं खात्रीचं निदान होत नाही, मेंदूच लागतो. त्यासाठी कवटी फोडावीच लागते असं नाही. डोकं मानेपासून वेगळं केलं की मागे फोरामेन मॅग्नमचं छिद्र दिसतं, तिथून लांब दांड्याच्या चमच्याने ब्रेनस्टेम (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठ) आणि लहान मेंदूचा तुकडा काढता येतो. ब्रेनस्टेमचा छेद आडवा आणि पूर्ण हवा. विषाणू एकाच बाजूला असेल आणि आपण दुसरीच बाजू तपासली, तर निगेटिव्ह अहवालाला अर्थ नाही. नमुना बर्फात पाठवायचा. फॉर्मेलिनमध्ये बुडवून पाठवणाऱ्यांना किती वेळा सांगायचं? तसा तुकडा आमच्या नेहमीच्या चाचणीला चालत नाही.

मेंदूचे ठसे स्लाइडवर घेऊन उणे 20 अंशांच्या ॲसिटोनमध्ये ठेवले. मग रेबीजच्या विषाणूला चिकटणारी, चमकणारं रसायन जोडलेली अँटिबॉडी, 37 अंशांवर अर्धा तास, धुणं, आणि अंधाऱ्या खोलीतला सूक्ष्मदर्शक. आधी कंट्रोल स्लाइड पाहिल्या, म्हणजे ज्यांचं उत्तर आधीच माहीत असतं त्या, मग आमची. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे ठिपके, काही धुळीएवढे, काही टपोरे. "कसलं भारी!" मागून कुणीतरी म्हणालं. खरंच भारी होतं. ॲडेल्की नेग्री यांना 1903 मध्ये चेतापेशींत जे गोळे दिसले, ते त्यांना परजीवी वाटले होते. ते नेग्री बॉडीज नाही दिसले तरी रेबीज नाही असं म्हणता येत नाही, म्हणून आता भरवसा या हिरव्या ठिपक्यांवर.

चाचणी त्याच दिवशी संपली. लाळेला हात कुणाकुणाचा लागला, ही यादी मात्र अजून संपलेली नाही. मालक आधी म्हणाले, "कुणाचाच नाही." दुसऱ्या फोनवर कळलं, त्यांच्या आईने बाटलीने औषध पाजलं होतं. तिसऱ्या फोनवर, शेजारच्या मुलाने जबडा धरला होता. कच्चं दूध कोण प्यायलं, हे विचारल्यावर बराच वेळ कुणी बोललंच नाही. उकळलेल्या दुधाची भीती नाही, हे सांगितल्यावर जरा मोकळे झाले. घरचे सगळे लसीला गेले : दिवस 0, 3, 7, 14, 28. लाळ उडालेल्या आमच्या कॉलेजच्या मुलांची लस आधीच झालेली, त्यांना 0 आणि 3 पुरले.

राहिले ते 'चोक' लिहिणारे डॉक्टर. त्यांनी उघड्या हाताने घसा चाचपला होता, आणि नखाजवळ चीर होती, हे त्यांनीच बोलता बोलता सांगितलं. मी म्हटलं, "सर, कातडी फुटलेली असेल तर हे संपर्काच्या तिसऱ्या, सर्वांत धोक्याच्या श्रेणीत येतं, लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार अँटिबॉडीही लागतील." ते हसले. "अगं, इतकी वर्षं हात घालतोय, काही झालं नाही." असं मालक म्हणाले असते तर मी समजावत बसले असते. पदवी घेतलेल्या माणसाला काय समजावू? रेबीजचा धडा मला शिकवायला तेही उभे राहू शकले असते.

अहवालाच्या छापील नमुन्यात 'संपर्कातील व्यक्ती' असा रकानाच नाही. मी मागच्या कोऱ्या बाजूवर यादी करते. त्यात त्यांच्या नावापुढे लसीची तारीख नाही. मॅडमनी उद्या स्वतः फोन करते म्हटलंय.