किती वॉटचा घेऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी बेस गिटार वाजवणाऱ्याला सहसा कुणी काही विचारत नाही. प्रश्न ठरलेला असतो: 'दादा, ड्रम सुरू झाले की माझा बेस ऐकूच येत नाही. १०० वॉटचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) विकून २०० चा घेऊ का?'

इतक्यात नको. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. फरक कळतो, पण ड्रमर काही दबत नाही. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॉट दहापट!

दुकानात वॉटचीच चर्चा होते. तुम्ही स्पीकरची सेन्सिटिव्हिटी विचारा: १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल? समजा, एक कॅबिनेट (स्पीकरची पेटी) ९३ चं आहे, दुसरं ९९ चं. पहिल्याला ४०० वॉट दिले तर कागदावर ११९ डेसिबल होतात. दुसऱ्याला तेवढ्यासाठी १०० पुरतात. शिवाय ४०० वॉट पिणाऱ्या स्पीकरची कॉइल तापते, तिचा रोध वाढतो आणि तो आणखी मागे पडतो. मात्र सेन्सिटिव्हिटीचा हा आकडा बहुधा मधल्या सुरांवरून काढलेला असतो. आपली सुटी ई तार ४१ हर्ट्झची, तिथे तोच स्पीकर बराच हळू वाजतो.

आता इंच. '१५ इंची म्हणजे जास्त बेस' हे सरसकट खरं नाही. खालच्या सुरांसाठी हवा हलवावी लागते. त्यात कोनचं (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याचं) क्षेत्रफळ आणि तो किती पुढेमागे जातो, दोन्ही आलं. १५ इंचीचा कोन अंदाजे ८५० चौरस सेंटीमीटर, १० इंचीचा ३५०. म्हणजे चार १० इंची मिळून १४०० झाले. ॲम्पेग कंपनीने १९६९ मध्ये एसव्हीटी हा बेस ॲम्प काढला तो ३०० वॉटचा, पण त्याच्या जोडीच्या कॅबिनेटमध्ये १० इंची आठ स्पीकर असतात. दरारा आहे तो त्या आठांचा. (वजन ६० किलोच्या वर, जिना असेल तर गायकाला आधीच पटवून ठेवा.)

छोटं कॅबिनेट, खोल बेस आणि मोठा आवाज, यातली दोनच मिळतात. हा हॉफमनचा नियम; केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला एच तो हाच. म्हणून ८ इंची कॉम्बोचं (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) बेसचं बटण पिळून काही होत नाही. ६ डेसिबल वाढवलेत की त्या सुरांना चौपट ताकद लागते आणि ॲम्पचा आवाज फाटतो. उलट बेस थोडा उतरवा, मिड (मधले सूर) चढवा. गर्दीतून ऐकू येतात ते मिडच.

तरी पैसे घालायचेच असतील तर आहे तसंच दुसरं कॅबिनेट जोडा. ८ ओमची (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचं माप) दोन मिळून ४ ओम होतात, ट्रान्झिस्टरवाला ॲम्प जास्त वॉट देतो आणि कोनही दुप्पट. सगळं जमलं तर ६ डेसिबलपर्यंत मिळतात. फक्त ॲम्पच्या मागे किमान किती ओम लिहिलेत ते वाचा. ८ लिहिले असतील तर जोडू नका.