गुऱ्हाळातली पांढरी वाफ

रविवार, रात्री साडेदहा

अंगावरच्या ओढणीला अजून उकळत्या रसाचा वास येतो आहे. पहाटे पंचगंगेपलीकडे मैत्रिणीच्या माहेरच्या गुऱ्हाळावर गेले होते. कॅमेरा घेतल्याला सहा आठवडे झाले, आणि इतक्या दिवसांत वाचून जे पुरते उमगले नव्हते ते आज काहिलीसमोर उभे राहिल्यावर उमगले, म्हणून झोपण्याआधी लिहून ठेवते आहे.

कॅमेरा दिवाळीनंतर घेतला, पण शोध त्याआधी दोन महिने चालू होता. ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी मिररलेसच, म्हणजे आत आरसा नसलेलाच कॅमेरा घ्या असा सल्ला दिला आणि त्यात गैर काही नव्हते; कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांचे लक्ष आता तिकडेच आहे. तरीही मला डीएसएलआरच, म्हणजे आरसा असलेलाच हवा होता, आणि त्याचे कारण त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, डोळा लावून पाहायच्या खिडकीत आहे. लेन्समधून आत आलेला प्रकाश तिरक्या आरशावर पडून वर जातो आणि तिथून आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबले की क्षणभर आरसा उचलला जातो आणि तोच प्रकाश फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर पडतो. म्हणजे डोळा लावला की समोर दिसते ते पडद्यावरचे चित्र नसते, खुद्द समोरची वस्तू असते. मिररलेसमध्ये फोटो कसा येणार ते आधीच दिसते, ही मोठी सोय आहे हे मला मान्य आहे. पण उजेड आधी स्वतः ओळखायचा, मग कॅमेऱ्याला सांगायचा आणि नंतर ताळा पाहायचा, याच क्रमाने मला शिकायचे होते.

शेवटी कॅननचा १५००डी आणि निकॉनचा डी३५०० असे दोन जुने कॅमेरे समोर आले. दोन्ही साधारण २४ मेगापिक्सेलचे, दोन्हींबरोबर १८-५५ मिलिमीटरची लेन्स, त्यामुळे आकड्यांवरून निवड होण्यासारखी नव्हती. निकॉनची पकड खोल असल्यामुळे माझी बोटे त्यात नीट बसली, एवढ्यावरच ठरवले. अर्थात पारखून घेतला. शटर किती वेळा उघडले आहे याची नोंद निकॉनच्या फोटोच्या माहितीत मिळते. ती नऊ हजारांच्या आत निघाली. त्याआधी एके ठिकाणी दाखवलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्समधून मोबाइलची टॉर्च धरून पाहिले, तेव्हा आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले. ती बुरशी होती. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे काचेचे काय सांगावे! माझा कॅमेरा आता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतो.

ज्या गावात कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी शंभरेक वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, त्या गावात राहून हातातल्या तयार कॅमेऱ्याचे आतले काम तरी आपल्याला कळावे, असे मला मनापासून वाटते.

पहिले तीन रविवार रंकाळ्यावर गेले. लेन्समधून उजेड आत सोडणाऱ्या छिद्राचा आकडा लहान तितके छिद्र मोठे, ही उलटी गोष्ट दोन दिवसांत अंगवळणी पडली. शटरच्या वेगाला मात्र वेळ लागला. दिवेलागणीला तलावाकाठी चालणारी माणसे १/१५ सेकंदावर टिपली, तर मागचा संध्यामठ स्वच्छ आणि माणसे पुसट आली. लेन्समधली व्हीआरची सोय आपल्या हाताचा कंप सावरते, समोरच्या माणसाला ती थांबवू शकत नाही. वेग वाढवायचा तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता, वाढवावा लागतो आणि थोडी रवाळ छटा पत्करावी लागते. ती पत्करायला मी आता तयार असते.

आज सकाळी गुऱ्हाळात शिरताच पहिली अडचण आली ती दवाची. शेतातल्या गारठ्यात लेन्स थंड झाली होती, आणि काहिलीच्या उबेत येताच तिच्यावर बाष्प धरले. पुसले की पुन्हा धरायचे. वीस मिनिटे कॅमेरा ओढणीत गुंडाळून बाजूला ठेवला आणि काच हवेइतकी उबदार होऊ दिली, तेव्हा कुठे ती निवळली. तोवर नुसती बघत बसले. चुलवणात चिपाडे सरकवली जात होती, रसावर काळपट मळी चढत होती आणि लांब दांड्याच्या झाऱ्याने काढली जात होती, हिरवट रस हळूहळू पिवळसर होत चालला होता. पत्र्याच्या फटीतून आलेले ऊन वाफेवर पडले की ती कापसासारखी पांढरीशुभ्र दिसायची.

व्ह्यूफाइंडरमधूनही ती तशीच दिसली. छिद्र ४ वर आणि आयएसओ १६०० ठेवून फोटो घेतला, कॅमेऱ्याने १/२५० चा वेग निवडला. मागच्या पडद्यावर जे उमटले ते करडे होते. गुळव्या तात्यांनी वाकून पाहिले आणि म्हणाले, "ताई, आमची वाफ अशी मळकी नसती ओ. ह्यो तर धूर दिसतोय."

त्यांचे अगदी बरोबर होते. कॅमेऱ्याचा मीटर फक्त परत येणारा उजेड मोजतो. समोर वाफ आहे, की चुन्याची भिंत, की करडे घोंगडे, हे त्याला समजत नाही. समोरचे सगळे मिळून मध्यम करड्या छटेइतके असावे, असे धरून तो हिशेब करतो. म्हणून चौकट पांढऱ्याने भरली की तो उजेड कमी करतो, आणि काळ्याने भरली की वाढवतो. हे मी दहा वेळा वाचले होते. पण डोळ्याला पांढरे दिसत असताना पडद्यावर करडे आले, आणि ज्यांनी आयुष्यभर ती वाफ पाहिली त्यांनी ते चटकन ओळखले, तेव्हा तो हिशेब मला खऱ्या अर्थाने कळला. वाफ पांढरी आहे हे कॅमेऱ्याला मीच सांगायला हवे होते.

कॅमेऱ्याने ठरवलेल्यापेक्षा उजेड कमीजास्त करायची सोय, म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, +१.३ केले. वेग १/१०० वर आला, म्हणजे उजेड जवळजवळ अडीच पट झाला. दारातून दिसणारे उसाचे शेत पार पांढरे पडून गेले, त्याची मी पर्वा केली नाही. वाफ मात्र वाफ झाली, आणि तिच्या आड तात्यांचा झारा धरलेला हात, कोपरापर्यंत घामाने चमकणारा, स्पष्ट आला. बोटांच्या पेरांवर वाळलेल्या पाकाचे पिवळे ठिपकेसुद्धा मोजता येतात.

तात्यांनी तो फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि "हं, ही आमची" एवढेच म्हणून पाकाकडे वळले, कारण काहील उतरवायची वेळ झाली होती. पाक थंड करायच्या वाफ्यात ओतताना घेतलेले फोटो हलले आहेत. तिथे १/१०० पुरत नाही, आयएसओ ३२०० करून पुन्हा घ्यावे लागतील.

उद्या कामावरून येताना त्या एका फोटोची ८ बाय १२ इंची प्रत छापून घेणार आहे. छापणाऱ्याला वाफेचा पांढरा रंग करडा होऊ देऊ नका म्हणून बजावायचे आहे. हंगाम अजून चालू आहे, तेव्हा पुढच्या रविवारी ती तात्यांच्या हातात देता येईल.