मालवणची मोरी आणि तिची बेंबी

मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी लिलाव बघायला गेले होते. बांगडा आणि सुरमईच्या ढिगांपलीकडे राखाडी मोऱ्या ओळीने मांडलेल्या. आम्हा पुण्याकडच्यांची मुशी, म्हणजे छोटा शार्क, ती इथली मोरी.

"बाळंतिणीक घालतत, दूध येता," एक काकी म्हणाल्या. आमच्या आजीचंही हेच म्हणणं असायचं. एका जातीचं इंग्रजी नावच 'मिल्क शार्क' आहे, तेही आपल्याकडच्या याच समजुतीवरून.

गंमत म्हणजे मोरी स्वतःही बाळंतीण होते. लांबट चपट्या तोंडाची जी बारकी मोरी आपल्या ताटात सर्रास येते, तिचं अंडं जेमतेम मिलिमीटरभर. त्यात पिल्लाला पुरेल एवढा बलक कुठला असायला? मग गर्भाला नाळ आणि वार, जवळपास आपल्यासारखीच. पिल्लं विती­पेक्षा लहान जन्मतात आणि एक-दोन वर्षांत स्वतः विण्याजोगी होतात. शार्कच्या मानाने हा वेग भलताच, म्हणून ही मोरी मासेमारीचा मार त्यातल्या त्यात सोसते.

पण त्याच ओळीत हातभर लांबीची, हातोड्यासारख्या डोक्याची तीन पिल्लंही होती. कानमुशी. काकींनी एक उताणं केलं आणि पुढच्या परांच्या मध्ये बोट ठेवलं.

"ही बघ बेंबी. अजून भरूक नाय."

नाळ तुटल्याची ती फट काही आठवड्यांत मिटते, म्हणजे हे पिल्लू नुकतंच जन्मलेलं. याची आई दोन मीटरच्या आसपास वाढल्याशिवाय वीत नाही. पुढे नऊ-दहा महिने गर्भ वागवते आणि विण्यासाठी किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात येते, म्हणजे नेमकी जिथे छोट्या होड्यांची जाळी असतात तिथे. कानमुशीची ही जात 2019पासून 'आययूसीएन' या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे. परांच्या निर्यातीवर भारताने 2015मध्ये बंदी घातली खरी, पण ही पिल्लं परांसाठी कुणी धरत नाही. ती सुरमईच्या जाळ्यात आपसूक येतात.

"सोडून नाही देत?" मी विचारलं. प्रश्न शहरी होता, विचारतानाच कळलं.

"जाळ्याक काय कळता, बारका-मोटा? वर येयसर मेलेला आसता. जिता आसलाच तर सोडतत काय जण."

जाळं रात्रभर पाण्यात राहतं आणि अडकलेल्या कानमुशीला पोहता आलं नाही की कल्ल्यांतून पुरेसं पाणी वाहत नाही. जाळं लवकर ओढलं तर काही वाचतील, पण त्यासाठी डिझेल जाळून दुसरी खेप मारायची, ती कुणाच्या पैशाने?

तिन्ही पिल्लं बारक्या मोऱ्यांच्याच वाट्यात गेली. भाव एकच.

दुपारी खानावळीत मोरीचं तिखलं मागवलं. मोरीच्या अंगात युरिया असतो, शिळी झाली की त्याचा अमोनियाचा उग्र दर्प सुटतो. इथे तिरफळाचा वास तेवढा होता, म्हणजे ताजी होती. कुठली मोरी, असं मालकिणीला विचारलं.

"मोरी ती मोरी," त्या म्हणाल्या. कातडं सोलून तुकडे केलेले, बेंबी कुठे शोधणार? मी भाकरी मोडली.